स्वप्नातली गाडी, स्वप्नातला ट्रक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वप्नातली गाडी म्हणजे नेमकी कोणती गाडी?

जिची आपल्याला गरज नाही हे पक्के ठाऊक असूनही जिचा विचार मनातून जात नाही, ती. गरजेची गाडी आपण आसने मोजून, डिकी पाहून, इंधनाचा हिशेब करून निवडतो. स्वप्नातली गाडी बहुधा दहाव्या-बाराव्या वर्षीच मनात भरलेली असते आणि त्या वयात यांपैकी कोणताही हिशेब कोणी केलेला नसतो. त्यामुळे ती महागडीच असली पाहिजे असे मुळीच नाही. एखाद्यासाठी ती लाल फेरारी असते, एखाद्यासाठी आजोबांनी चालवलेली चौकोनी लँड रोव्हर, तर एखाद्यासाठी अठरा गिअरचा लांब नाकाचा ट्रक. खालील सर्व उत्तरांमागे एकच धारणा आहे : गाडीच्या नेमक्या कोणत्या गुणावर आपले मन जडले हे ओळखता आले, तर तिची निवड, खरेदी आणि जपणूक या तिन्ही गोष्टी पुष्कळ सोप्या होतात.

निरनिराळ्या देशांतल्या आणि पिढ्यांतल्या लोकांच्या मनात त्याच त्या पाच-दहा गाड्या का असतात?

त्या गाड्यांपैकी बहुतेकींनी काहीतरी पहिल्यांदा केले आणि ते त्यांच्या रूपात उघड दिसले, हे त्याचे मुख्य कारण आहे. १९५४ साली आलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलची पंखांसारखी वर उघडणारी दारे शोभेसाठी नव्हती. वजन कमी ठेवण्यासाठी तिची चौकट बारीक पोलादी नळ्या जोडून बांधली होती. ती चौकट दोन्ही कडांना इतकी उंच आली की नेहमीची दारे बसवायला जागाच उरली नाही, म्हणून बिजागऱ्या छतावर गेल्या. चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनात थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडण्याची यंत्रणा रस्त्यावरच्या मोटारीत पहिल्यांदा आली तीही याच गाडीत, आणि तिच्या अवघ्या १,४०० बंद छताच्या गाड्या तयार झाल्या. जॅग्वार ई-टाइपचा आकार माल्कम सेयर यांनी आखला. ते विमाननिर्मितीतून मोटारींकडे आलेले होते आणि गाडीच्या वळणदार रेषा गणिताने मांडत असत. १९६१च्या जिनिव्हा प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा) असलेली गाडी इतकी सुंदरही असू शकते, याचा लोकांना प्रत्यय आला.

लॅम्बोर्गिनी मिउराने १९६६ साली बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, तेही आडवे बसवले. पोर्शे ९११ने इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे ठेवण्याची अवघड मांडणी १९६३पासून सोडली नाही आणि दर पिढीत ती सुधारत नेली. मुळात तिचे नाव ९०१ होते, पण मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पूजोने हक्क सांगितल्याने ते बदलावे लागले. फेरारी एफ४० ही एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली शेवटची मोठी गाडी. १९८७ साली ती आली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मॅकलरेन एफ१मध्ये तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी चालकाला बरोबर मध्यभागी बसवले आणि दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी. तिच्या इंजिनाच्या कप्प्याला उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा वर्ख लावलेला असे, आणि सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ गाड्याच बनल्या.

दुसरे कारण अधिक साधे आहे. या गाड्या आपण रस्त्यावर पाहिल्या नाहीत, चित्रांत पाहिल्या. एका पिढीच्या खोलीत लॅम्बोर्गिनी काउंटाकची भित्तिचित्रे होती, तर पुढच्या पिढीने टोयोटा सुप्रा आणि निसान स्कायलाइन जीटी-आर व्हिडिओ गेममध्ये चालवल्या. चित्र जगभर सारखेच पोहोचते, म्हणून स्वप्नेही सारखी पडतात.

माझ्या मनातल्या गाडीतले मला नेमके काय आवडते, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो फार थोडे लोक स्वतःला विचारतात. डोळे मिटून ती गाडी आठवावी आणि आपण तिच्या संदर्भात कोठे आहोत ते पाहावे. आपण बाहेर उभे राहून तिच्याकडे पाहत असू, तर ओढ आकाराची आहे. आत बसून गिअर बदलत असू, तर ती चालवण्याच्या क्रियेची आहे. ती दुरून येताना केवळ ऐकू येत असेल, तर ओढ इंजिनाच्या आवाजाची आहे. आपण बोनेट उघडून हात काळे करत असू, तर यंत्र समजून घेण्याची आहे. आणि ती चिखलातून, वाळवंटातून कोठेतरी लांब निघालेली दिसत असेल, तर ओढ बहुधा गाडीपेक्षा प्रवासाची आहे.

यातून निवडीला लगेच दिशा मिळते. आकारावर प्रेम असणाऱ्याला मंद धावणारी, पण सुंदर बॉडीची गाडी पुरते. ज्याला चालवण्यात आनंद आहे त्याला सहाशे अश्वशक्तीची गाडी उलट निराश करण्याचा संभव असतो, कारण सार्वजनिक रस्त्यावर तिचा दुसरा गिअरसुद्धा पूर्ण वापरता येत नाही. त्याच्यासाठी सुमारे एक टन वजनाची, दोन आसनांची माझदा एमएक्स-५ अधिक योग्य ठरते. १९८९ साली आलेल्या या छोट्या गाडीने २०१६मध्ये दहा लाखांचा आकडा गाठला, तो अशाच चालकांच्या बळावर. आवाजावर प्रेम असणाऱ्याने सिलिंडरांची संख्या आणि मांडणी पाहावी, कारण आवाज त्यांतूनच येतो : सरळ रेषेतल्या सहा सिलिंडरांचा एकसंध सूर, अमेरिकी व्ही-८चा खालच्या पट्टीतला गडगडाट आणि सपाट मांडणीच्या सहा सिलिंडरांची करवतीसारखी धार हे तीन संपूर्णपणे वेगळे अनुभव आहेत.

साधी, सर्वसामान्य गाडी हे स्वप्न असू शकते का?

अवश्य असू शकते, आणि माझ्या मते ही स्वप्ने जास्त खोलवर रुजलेली असतात. फोक्सवॅगन बीटलच्या एकूण २,१५,२९,४६४ गाड्या बनल्या, शेवटची जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे. एवढ्या संख्येने बनलेल्या वस्तूला दुर्मीळ म्हणता येणार नाही. तरीही ती गाडी चालू स्थितीत दिसली की माणसे थांबून पाहतात, कारण त्यांपैकी कित्येकांनी तिच्या मागच्या आसनावर बालपण काढलेले असते. १९५९ची मिनी तर अभियांत्रिकीचा उत्कृष्ट नमुना आहे. अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या तळाशी तेलाच्या हौदातच सामावली, दहा इंचांची चाके दिली आणि साधारण तीन मीटर लांबीत चार माणसांना जागा करून दिली. हीच गाडी पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. आजच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत इंजिन आडवे आणि ओढ पुढच्या चाकांना असते. ती मांडणी लोकप्रिय करण्यात मिनीचा वाटा फार मोठा आहे.

अशा गाडीचा व्यावहारिक फायदाही आहे. जी गाडी लाखोंनी बनली, तिचे सुटे भाग मिळतात. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीची तर संपूर्ण बॉडी मूळ साच्यांवर काढलेली, नवी कोरी मिळू शकते.

काही लोकांना मोटारीपेक्षा पिकअप किंवा जीपसारख्या कामाच्या गाड्यांचे आकर्षण का वाटते?

कामाच्या गाडीचे रूप तिच्या कामातून आलेले असते. त्यात कोणी खुशामत केलेली नसते, आणि हा प्रामाणिकपणा डोळ्यांना जाणवतो. पहिली लँड रोव्हर १९४८ साली अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरत होते आणि तिच्या जागी काय घ्यावे या विचारातून ही गाडी जन्मली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली आणि महागडे साचे टाळण्यासाठी पत्रे शक्यतो सपाट ठेवले. आज ज्या चौकोनी रूपावर लोक भाळतात ते असे टंचाईतून आले. तिच्याच वंशातल्या मूळ डिफेंडरचे उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबले तेव्हा या घराण्याच्या वीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

उनिमोगची गोष्ट मला याहूनही प्रिय आहे. युद्धोत्तर जर्मनीत शेतीसाठी आखलेल्या या वाहनाच्या चाकांमधले अंतर १,२७० मिलिमीटर ठेवले होते, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी त्यात मावत. धुरा चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवून शेवटी गिअरांनी शक्ती खाली चाकापर्यंत उतरवल्यामुळे त्याचे पोट जमिनीपासून विलक्षण उंच राहते. बटाट्यांसाठी केलेली ही योजना पुढे अग्निशमन दले, वनखाती आणि जगप्रवासी या सर्वांच्या उपयोगी पडली.

टोयोटा लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून आजतागायत बनत आहे. इतकी वर्षे तोच मूळ आराखडा टिकतो, याचे कारण जिथे मदत मिळण्याची शक्यता नसते अशा प्रदेशात लोक तिच्यावर जिवाचा भरवसा ठेवून निघतात. पिकअपचा इतिहास तर शेतकऱ्यांनीच घडवला : लोक मोटारीचा मागचा भाग कापून तेथे स्वतः लाकडी हौदा बसवत असत, आणि अखेर १९२५ साली फोर्डने मॉडेल टी कारखान्यातूनच हौद्यासह विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये आलेली एफ मालिका त्याच परंपरेतली.

लांब नाकाचे मोठे ट्रक अमेरिकेतच का दिसतात? युरोपातले ट्रक चपटे का असतात?

उत्तर कायद्यात आहे. युरोपात ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा असते. जोडट्रकसाठी ती सर्वसाधारणपणे १६.५ मीटर आहे. मग नाकाला दिलेली प्रत्येक हातभर जागा मालाच्या जागेतून वजा होते, म्हणून इंजिनावरच केबिन बसवलेले चपटे ट्रक तेथे रूढ झाले. अमेरिकेतही पूर्वी अनेक राज्यांत एकूण लांबीची बंधने होती आणि त्या काळात तेथेही चपटे ट्रक पुष्कळ दिसत. १९८२च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीऐवजी केवळ ट्रेलरची लांबी विचारात घेतली जाऊ लागली, आणि लांब नाकाचे ट्रक पुन्हा पुढे आले. १९६१ साली आलेला केनवर्थ डब्ल्यू९०० आणि पीटरबिल्ट ३७९ हे त्या घराण्याचे मानकरी होत : उभी चौकोनी जाळी, बाहेर ठेवलेली हवेची गाळणी, केबिनच्या दोन्ही बाजूंना आकाशाकडे गेलेले धुराडे.

चपट्या ट्रकांचे चाहतेही तितकेच निष्ठावान आहेत. स्कॅनियाने १९६९ साली १४ लिटरचे, ३५० अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणले तेव्हा युरोपातल्या ट्रकांसाठी ही शक्ती अवाढव्य मानली गेली, आणि त्या इंजिनाच्या आवाजाचे वेड आजही ओसरलेले नाही. सात-आठशे अश्वशक्तीचा आकडा आज क्रीडा मोटारींतही दिसतो. पण व्होल्वो एफएच१६च्या ७५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३,५५० न्यूटन-मीटर आहे, तोही इंजिन अगदी सावकाश फिरत असताना. चढावर भरलेला ट्रक खेचताना ड्रायव्हरला जाणवतो तो हा टॉर्क.

मोठा ट्रक चालवणे खरेच इतके अवघड असते का?

जुना असेल तर होय. अमेरिकी ट्रकांतल्या तेरा किंवा अठरा गिअरच्या पारंपरिक गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसतात, म्हणजे गिअरांचा वेग जुळवण्याचे काम मोटारीत यंत्रणा करते ते येथे चालकाला करावे लागते. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग हवा तितका येऊ द्यायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. हात बसला की अनुभवी चालक केवळ कानाने वेग ओळखून क्लचशिवायही गिअर सरकवतात. नव्या ट्रकांत ही सारी कामे संगणक करतो, आणि धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु ज्यांना ट्रकचे स्वप्न पडते त्यांना बहुधा हे कौशल्यच हवे असते, म्हणून जुन्या गिअरबॉक्सचे ट्रक हौशी लोक शोधून घेतात.

स्वप्नातली गाडी प्रत्यक्ष चालवल्यावर अपेक्षाभंग होतो का?

पुष्कळदा होतो, आणि तो खरेदीच्या आधी झालेला बरा. काउंटाकमध्ये मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून दार वर उचलून, उंबऱ्यावर बसून, मागे वळून पाहत ती मागे घेण्याची रीत पडली. एफ४०मध्ये गालिचा नाही, रेडिओ नाही आणि दार उघडायला आतून केवळ एक दोरी आहे. शिवाय टर्बो जागे होईपर्यंत काही घडत नाही आणि मग सर्व एकदम घडते. जुन्या लँड रोव्हरमध्ये चालकाचा खांदा दाराला घासतो, आणि पाट्यांच्या स्प्रिंगांवर प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. या उणिवांपैकी काही चालवणाऱ्याला काही दिवसांनी प्रिय होतात, काही कायम त्रास देतात, आणि कोणती उणीव कोणत्या प्रकारची हे अर्ध्या तासाच्या फेरीत कळत नाही. शक्य असल्यास ती गाडी एक-दोन दिवस भाड्याने घ्यावी, पावसात आणि गर्दीत चालवावी, अंधारात तिच्या दिव्यांचा उजेड पाहावा. आपली उंची आणि आपले गुडघे तिच्यात मावतात का, हा प्रश्न अनेकांना पैसे दिल्यानंतर आठवतो.

जुनी गाडी घेताना सर्वप्रथम काय तपासावे?

गंज. इंजिन बिघडले तर त्याचे काम करता येते, गिअरबॉक्स बदलता येते, आसने नव्याने शिवता येतात. पण जिच्यावर सारे उभे आहे ती चेसिस किंवा बॉडीची मूळ चौकटच गंजाने खाल्ली असेल, तर दुरुस्तीला अंत राहत नाही. दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी, पायपुसण्यांखालचा तळ, समोरच्या काचेची खालची कड आणि सस्पेन्शन जेथे बॉडीला जोडलेले असते ती ठिकाणे हाताने चाचपून पाहावीत. ट्रकच्या चेसिसमध्ये जेथे पट्टीवर पट्टी जोडलेली असते तेथे आत गंज फुगतो आणि दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. लँड रोव्हरची अॅल्युमिनियमची बॉडी गंजत नाही असे म्हणून लोक निर्धास्त राहतात, परंतु तिची चेसिस आणि पुढची आडभिंत पोलादाची असते, शिवाय दोन वेगळे धातू जेथे ओलाव्यात एकमेकांना टेकतात तेथे अॅल्युमिनियमच झिजून पांढरी भुकटी होते.

पहिली पिकअप मी घाईने घेतली. चेसिसला नुकताच काळा रंग दिलेला होता आणि तो मला मालकाच्या काळजीचा पुरावा वाटला. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या रंगाचे पापुद्रे सुटले आणि आतले पोलाद बोटाने आत गेले. तेव्हापासून खालून ताजा रंग दिसला की मी तेथे अधिक वेळ थांबतो.

पोलादी बॉडीवर छोटे चुंबक फिरवल्यास पुट्टी भरलेली जागा कळते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर आणखी उत्तम : कारखान्यातला रंग सर्वसाधारणपणे १०० ते १८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो, आणि एखाद्याच पत्र्यावर आकडा कित्येक पटींनी वाढला तर तेथे काम झालेले आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे, म्हणून आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू करू नये अशी मालकाला आधीच विनंती करावी आणि गेल्यावर बोनेटला हात लावून खात्री करावी. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सिलिंडरमध्ये जात आहे. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३१९ याचा अर्थ तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसत असली तरी जुने रबर भरवशाचे नसते.

ट्रकच्या बाबतीत धावलेल्या अंतराइतकेच इंजिन जागेवर किती तास चालू राहिले हेही विचारावे, तेल भरण्याचे झाकण काढून चालू इंजिनातून किती वाफ उसळते ते पाहावे, आणि ट्रेलर जोडण्याच्या तबकडीची झीज तपासावी.

‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे काय?

गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात जे इंजिन होते तेच आजही आहे, आणि चेसिसचा व इंजिनाचा क्रमांक नोंदींशी जुळतो, असा याचा अर्थ आहे. काही जण गिअरबॉक्स आणि धुराही यात धरतात. संग्राहकाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याने मात्र बदललेल्या, पण निरोगी इंजिनाच्या गाडीला नाके मुरडू नयेत. चेसिसचा क्रमांक कागदपत्रांशी जुळलाच पाहिजे, यात तडजोड नाही.

गाडी मूळ स्थितीत ठेवावी की तिच्यात बदल करावेत?

परत फिरवता येतील असे बदल निःशंकपणे करावेत, आणि न फिरवता येणारे बदल दुर्मीळ गाडीत करू नयेत, असे माझे मत आहे. डिस्क ब्रेक, चांगला रेडिएटर, तेजस्वी दिवे, तीन टेकूंचे आसनपट्टे यांमुळे जुनी गाडी आजच्या रहदारीत सुरक्षितपणे चालते, आणि काढलेले मूळ भाग कापडात गुंडाळून ठेवले की पुढच्या मालकाचेही नुकसान होत नाही. पत्रा कापणे, चौकटीला नवी भोके पाडणे, मूळ रंगाचा थर पूर्ण खरवडून काढणे या गोष्टी मात्र कायमच्या असतात. ज्या गाडीवर पन्नास वर्षांपूर्वीचा रंग फिका का होईना अजून टिकून आहे, तिला नवा चकचकीत रंग देण्यापूर्वी फार विचार करावा. आंतरराष्ट्रीय पातळीवर जुन्या गाड्यांचे काम पाहणारी फिवा ही १९६६ साली स्थापन झालेली संघटना ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत किमान तीस वर्षांचे वय आणि इतिहासाशी सुसंगत स्थिती, असे दोन्ही धरते.

जुन्या गाडीत विजेची मोटार बसवणे योग्य आहे का?

ज्या गाडीचे इंजिन कधीच गेले आहे आणि मिळण्याची आशा नाही, तिच्यासाठी हा सन्मानाचा मार्ग आहे. चालू इंजिन काढून असे करण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण अनेक गाड्यांमध्ये इंजिन हेच अर्धे व्यक्तिमत्त्व असते. केलेच तर मूळ इंजिन आणि त्याचे सर्व भाग जपून ठेवावेत, आणि बॅटरीच्या वजनाने ब्रेक व सस्पेन्शनवर पडणाऱ्या अतिरिक्त भाराचा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा.

प्रतिकृती घेतली तर ते स्वप्न खरे मानावे का?

कोब्रा या क्रीडा मोटारीचे उदाहरण घ्या. मूळ कोब्रा सुमारे हजारच बनल्या. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी एसी कंपनीच्या हलक्या बॉडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून ती उभी केली, आणि त्यानंतर तिच्या असंख्य प्रतिकृती बनल्या आहेत. विकताना तिला मूळ म्हणून खपवले नाही, तर प्रतिकृतीत लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट मूळ गाडी जपावी लागते म्हणून जे करता येत नाही ते सर्व प्रतिकृतीत करता येते. लोटस सेव्हनचे उदाहरण तर फारच बोलके आहे : १९५७च्या या गाडीचे हक्क १९७३ साली केटरहॅमकडे गेले आणि तेथे ती आजही बनते, त्यामुळे तिच्या बाबतीत मूळ कोठे संपले आणि पुढची पिढी कोठे सुरू झाली हे सांगणेच कठीण आहे.

परदेशात बनलेली हवीशी गाडी आणता येते का?

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि गाडी पाहण्यापूर्वी ते वाचणे आवश्यक आहे. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला तेथील सुरक्षा मानकांतून सूट मिळते, कॅनडात हीच मुदत १५ वर्षांची आहे. म्हणूनच स्कायलाइन जीटी-आरची प्रत्येक पिढी पंचविशी ओलांडताच अमेरिकेत पोहोचू लागते. जपानी उत्पादकांनी आपसांतल्या समजुतीने २००४पर्यंत जाहिरातीतली शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर जाऊ दिली नव्हती, त्यामुळे त्या काळातल्या कागदावरचे आकडे पाहून गाडीची किंमत ठरवू नये. गाडी आणण्याआधी स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे, नोंदणी होईल का आणि काच किंवा दिव्यासारखी साधी वस्तू कोठून मिळेल, एवढे तरी ठाऊक असावे.

गुंतवणूक म्हणून अशी गाडी घ्यावी का?

नाही. जागा, विमा, देखभाल आणि कधीतरी निघणारे मोठे काम यांचा खर्च चालूच राहतो, आणि बाजाराची आवड पिढीबरोबर बदलते. पुढे किंमत वाढली तर आनंदच आहे.

घेतलेली गाडी किती चालवावी? जपण्यासाठी ती झाकून ठेवणे बरे नाही का?

गाडी उभी राहून जितकी खराब होते तितकी माफक चालवून होत नाही. रबरी सील कोरडे पडून आक्रसतात आणि तेल गळू लागते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते, ती आतून सिलिंडर गंजवते आणि तेलाचा उत्कलनबिंदू उतरवते, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही पाणी ओढते, शिवाय त्याने जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या मऊ होऊन चिरतात. जुन्या गाडीच्या इंधनाच्या सर्व नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या बसवणे ही माझ्या मते पहिल्या आठवड्यात करण्याची गोष्ट आहे, कारण त्यात आगीचा धोका आहे.

आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि ती हितापेक्षा अपायच अधिक करते. तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, आत साचलेले पाणी उडून जात नाही, आणि सायलेन्सर आतून गंजतो. त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांनी का होईना, अर्धा-पाऊण तास नीट चालवून आणावी. ते शक्यच नसेल तर बॅटरीला देखभाल करणारा चार्जर लावावा, टायरमध्ये हवा थोडी अधिक भरावी, टाकी भरलेली ठेवावी आणि हवा खेळेल असेच आच्छादन घालावे. प्लास्टिकच्या कापडाखाली ओल कोंडते.

तेलाविषयी एक बारकी, पण मोलाची सूचना. सपाट टॅपेट (झडपा ढकलणारे भाग) असलेल्या जुन्या इंजिनांना जस्त आणि फॉस्फरसयुक्त घटक असलेले तेल लागते. धुरातले विषारी घटक कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा होऊ नये म्हणून आधुनिक तेलांत हे घटक कमी केलेले असतात, आणि असे तेल वापरल्यास जुन्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (झडपांची उघडझाप करणारा दांडा) झिजू शकतो. महागडे तेल म्हणजे योग्य तेल, असे येथे होत नाही.

विकत घेणे कधीच शक्य होणार नसेल तर काय करावे?

गाडीवर प्रेम करण्यासाठी ती नावावर असावी लागत नाही. श्टुटगार्टमध्ये मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे यांची, फ्रान्समध्ये म्युलूझ येथे श्लुम्फ बंधूंच्या बुगाटींची, द हेगमध्ये लाउमन, लॉस एंजेलिसमध्ये पीटरसन अशी संग्रहालये आहेत, जेथे चित्रांतल्या गाड्या हातभर अंतरावर उभ्या असतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मालक बोलायला उत्सुक असतात, आणि ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे अशा माणसासाठी ते बोनेट उघडतात. अनेक क्लबांना दुरुस्तीच्या कामात हात देणारी माणसे हवी असतात; ज्यांनी दुसऱ्याच्या गाडीचे कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, परत बसवून ती सुरू झाल्याचे ऐकले आहे, त्यांना त्या गाडीची ओळख काही मालकांहूनही जास्त असते.

पूर्वी विकलेल्या गाडीची खंत जात नाही. तीच गाडी परत शोधावी का?

शोधावी. चेसिसचा क्रमांक जुन्या कागदांवर, विम्याच्या पावतीवर किंवा एखाद्या छायाचित्राच्या कोपऱ्यात सापडतो आणि त्या जातीच्या गाड्यांच्या क्लबकडे असलेल्या नोंदवहीत तो पुढे सरकलेला दिसण्याची शक्यता असते. मालक सापडला तर प्रथम पत्र लिहावे आणि त्यात विकत मागू नये. आपल्याकडे असलेली जुनी छायाचित्रे, देखभालीची बिले, दुसरी किल्ली त्याला द्यावी, कारण गाडीच्या इतिहासाचा तो भाग आता तिच्याजवळ असायला हवा. गाडी विकायची वेळ आली तर तो आपल्याला कळवील, आणि तशी वेळ आली नाही तरी एखाद्या सकाळी तो किल्ली आपल्या हाती देऊन शेजारच्या आसनावर बसेल, असे मी दोनदा घडलेले पाहिले आहे.